मांडवाला गेलेली अट्टिगै

आमच्या निधीची तिजोरीखोली उघडली की आधी हळदीचा वास येतो, मग चंदनाचा, मग खोबरेल तेलाचा. सोन्याला वास नसतो. हा वास गळ्यांचा आणि मनगटांचा. बाई दागिना अंगावरून काढते आणि तसाच आमच्याकडे आणते. गहाण ठेवायचा दागिना घासून-पुसून आणणारी बाई मी इतक्या वर्षांत एकच पाहिली, आणि त्यात तांबं जास्त आहे हे आमच्या रत्तिनम आसारीनं, म्हणजे निधीच्या सोनारानं, कसोटीचा दगड हातात घ्यायच्या आधीच ओळखलं.

मी तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका बचत निधीची सेक्रेटरी. नोकरीबद्दल लिहा असं संपादकांनी कळवलं, तेव्हा सवयीप्रमाणे आधी यादी केली. निधी कसा सुरू झाला, लोक कशाकशासाठी कर्ज मागतात, तऱ्हेवाईक सभासद, संकटं. पान भरलं. मग बाकीचं खोडून एकच दिवस ठेवला, कारण त्या दिवसात यादीतलं बहुतेक सगळं येऊन जातं.

निधी म्हणजे छोटी बँकच, पण फक्त सभासदांची. ठेव ठेवायची असो की कर्ज घ्यायचं असो, आधी सभासद व्हायचं. आमचा निधी पणजोबांच्या पिढीनं काढला. राजवाड्यातली कारकुनी, मुदपाकखाना, तबेला, सगळ्या नोकऱ्या संपल्या होत्या आणि उसनवारीपायी गल्लीतले लोक एकमेकांना चुकवून जाऊ लागले होते. म्हणून शनिवारचं भजन झालं की मठाच्या ओसरीवर पत्र्याची एक ट्रंक उघडायची. जमेल त्यानं टाकायचं, नड असेल त्यानं सगळ्यांसमोर सांगून घ्यायचं. ट्रंक एका घरी, किल्ली दुसऱ्या घरी. आज आमच्याकडे संगणक आहे, कॅमेरे आहेत, सभासदांत तमिळ घरं मराठी घरांपेक्षा जास्त आहेत. तरी तिजोरीला दोन किल्ल्या आहेतच, एक माझ्याकडे आणि एक कॅशियरकडे. एकटीला ती उघडता येत नाही.

आमचं निम्मं काम सोनेतारणाचं. आसारी दागिना पारखतो, वजन करतो, कापडी पिशवीत घालून वर लाखेची मोहोर लावतो. मोहोरेखालच्या चिठ्ठीवर सभासदाची सही. कर्ज फिटेपर्यंत ती पिशवी कोणी उघडायची नाही, असा नियम.

या नियमाला आमच्याकडे एक अपवाद होता. तो कुठल्याही नियमपुस्तकात नव्हता. घरात लग्न निघालं आणि नेमका नवरीच्या अंगावर घालायचा दागिना आमच्या तिजोरीत असला, की तो एका दिवसापुरता मांडवाला जायचा. दोन संचालकांनी तोंडी हमी द्यायची, आदल्या दुपारी पिशवी बाहेर, लग्नाच्या दुपारी परत. सोबत रत्तिनम आसारी पाहुणा म्हणून जायचा. वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, वर अंगवस्त्र, खिशात जिलेटच्या डबीत भिंग, आणि नजर नवरीवर. जिल्ह्यातल्या लग्नांत त्याच्याइतकं पायसम कोणी खाल्लं नसेल. नवऱ्याकडचे लोक त्याला मुलीचा मामा समजत, मुलीकडचे समजू देत. ऑडिटर वर्षातून ठरलेल्या दिवसांत येत आणि त्या दिवसांत मुहूर्त नसेल हे आम्ही पंचांगात बघून ठेवत असू.

या सवलतीची एक अट होती: बोलायचं नाही. माझ्या आधीचे सेक्रेटरी प्रत्येक बाईला सांगत, “हे फक्त तुमच्यासाठी करतोय, कोणाला कळू देऊ नका.” मीही तेच वाक्य पुढे चालवलं. त्यात सोय दोघांची होती. आमच्याकडे मागणी वाढत नसे आणि बाईची अब्रू झाकलेली राही.

आता तो दिवस.

त्या आठवड्यात गावातल्या एका चिट फंडाचं शटर अचानक खाली आलं होतं. आमचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण आमच्या सभासदांतल्या बऱ्याच जणांचा होता. लोक पैसे भरायला येत तेव्हाही पावतीकडे जरा जास्त वेळ बघत उभे राहत.

अशा आठवड्यात सगुणाबाईंची अट्टिगै मांडवाला गेली. अट्टिगै म्हणजे गळ्यालगत बसणारा, लाल खड्यांचा हार. सगुणाबाई तिरुवैयारूला वीणा शिकवतात. नवरा नाही. मुलीला नर्सिंगला घातलं तेव्हा फीसाठी त्यांनी आईची अट्टिगै आमच्याकडे ठेवली होती. त्यांची महिन्याची ठेव लवकरच पुरी व्हायची होती, त्या पैशांतून त्या हार सोडवणार होत्या. पण मुहूर्त ठेवीच्या आधी आला. लग्न नवऱ्यामुलाच्या गावी, ओरत्तनाडूला. बोलणी झाली तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं होतं, “आजीची अट्टिगै पोरीलाच ना?” सगुणाबाई म्हणाल्या होत्या, हो. खोटं नव्हतं. फक्त त्या हाराच्या आणि मुलीच्या मध्ये आमची तिजोरी होती.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शन असतं. नवरीला सजवणाऱ्या ब्युटीशियन मुलीनं आपल्या कामाचा फोटो व्हॉट्सॲपवर स्टेटसला लावला. चेहरा नाही, नुसती हनुवटी, गळा, खांद्यावरची जरी आणि मधोमध लाल अट्टिगै; खाली गावाचं नाव, ओरत्तनाडू.

त्या मुलीचा नंबर आमच्या पंकजाबाईंच्या फोनमध्ये होता, त्यांनी तो फोटो पाहिला. पंकजाबाई गल्लीच्या तोंडाशी इडलीचं पीठ विकतात. त्यांचीही लाल खड्यांची अट्टिगै आमच्याकडे गहाण होती. आमच्या भागात जुन्या अट्टिगै सगळ्या एकाच घडणीच्या, बहिणी-बहिणींसारख्या. पंकजाबाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि गल्लीच्या ग्रुपवर तो आणि एक आवाजी संदेश टाकला. मी तो सकाळी ऐकला: “माझी अट्टिगै ओरत्तनाडूला कोणाच्या तरी गळ्यात हाय! निधीवाले आपले दागिने लग्नाला भाड्यानं देतात. अस्की जाऊन आपापलं बघून घ्या!” अस्की म्हणजे सगळे. आमचं बोलणं मी इथं थोडं तुमच्या वळणावर आणलं आहे. तमिळ सूर कागदावर येत नाही, तो तुम्हीच लावून घ्या.

मी फोटो उघडला. हार पंकजाबाईंचा नव्हता. पण आमच्या तिजोरीतला होता.

नेहमीपेक्षा लवकर पोचले तरी शटरसमोर गल्ली भरली होती. आमचे अध्यक्ष वेंकोबाराव, निवृत्त हेडमास्तर, मागच्या दारानं आत आले होते. त्यांच्या हातात कोरा कागद आणि जाड पेन.

“तांत्रिक कारणानं आज व्यवहार बंद, अशी नोटीस लावू,” ते म्हणाले.

“सर, परवा त्या चिट फंडानं हेच शब्द लावले होते.”

त्यांनी पेनाला टोपण घातलं. “मग काय करायचं?”

बाहेरच्यांना ही गोष्ट माहीत नसते म्हणून सांगते. ठेवीचा पैसा तिजोरीत पडून नसतो. तो कर्जात असतो, कोणाच्या ऑटोत, कोणाच्या शिलाई मशीनमध्ये. हाताशी दिवसाच्या कामापुरती रोकड असते. सगळे ठेवीदार एकाच सकाळी आले तर चांगली बँकसुद्धा दुपार बघत नाही. आम्ही बुडीत नव्हतो. पण त्या दुपारपर्यंत बुडणार होतो, आणि आमच्याबरोबर सगुणाबाईंच्या मुलीचं लग्नही; तिथं माणसं अजून अक्षता टाकत असतील.

मी सरांना म्हटलं, “तुमी मोठ्या बँकेत जा. आपली राखीव ठेव मोडून रोकड आणा. व्याज बुडलं तर बुडू द्या. मी दार उघडते.”

“वेळेआधी?”

“वेळेआधी. आपण घाबरलो नाही हे दाखवायला तेवढंच आहे आपल्याकडे.”

शटर वर गेलं आणि माणसं आत लोटली. सगळ्यांत पुढे पंकजाबाई, हाताला पीठ तसंच. त्यांच्या मागे गणपतराव. गणपतरावांचं शिवणकामाचं दुकान आहे. चिट फंडात त्यांचे पैसे अडकले होते आणि उरलेली सगळी ठेव आमच्याकडे, धाकट्या मुलाच्या कॉलेजसाठी. माणूस वाईट नाही. पण एकदा पोळलेला होता आणि त्याचा आवाज मोठा होता.

“आसारी कुठाय?” त्यांनी पहिलंच विचारलं. “रोज दारात बसतो तो. आज नेमका कुठं गेला?”

मी काउंटरवरून उठले. कॅशियरला किल्ली घेऊन यायला सांगितलं. सभासदांना तिजोरीखोलीत नेत नाहीत. त्या दिवशी मी पिशव्या ट्रेमध्ये घालून बाहेर काउंटरवर आणल्या, एकेकीची तिच्यासमोर.

पहिली पंकजाबाईंची. त्यांनी मोहोर पाहिली, सही पाहिली, तरी म्हणाल्या, “उघड.” मी लाख फोडली. लाल अट्टिगै काउंटरवर पसरली. त्यांनी ती उलटी केली, मागचा दुमडलेला आकडा चाचपला, आणि मान खाली घातली.

“माझीच हाय.”

मागून कोणीतरी हुश्श केलं. मला वाटलं, निभावलं. पण पंकजाबाईंनी मान वर केली. “मग अक्का, फोटोत कोणाची?”

“ओरत्तनाडूत एकाच घरी अट्टिगै असते का?” मी म्हटलं. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि गणपतरावांना ते कळलं. दुकानात कापड मापून-मापून त्यांना माणसाचा ताण लगेच कळतो.

“सेक्रेटरीअम्मा, आडवळण नको,” ते काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले. “एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. तिजोरीतून आज एखादी पिशवी कमी आहे का नाही?”

गणपतरावांच्या मागची माणसं काउंटरकडे सरकली. कॅशियर माझ्याकडे बघत होती. नाही म्हणणं सोपं होतं. कोणी आत जाऊन मोजणार नव्हतं. पण दुपारी रत्तिनम वेष्टी नेसून, पिशवी घेऊन दारात उभा राहिला असता, तेव्हा काय? आणि खरं सांगून नाव घेतलं असतं तर गल्ली तिथल्या तिथे शांत झाली असती. दहा मिनिटांत ते नाव ग्रुपवर, अर्ध्या तासात ओरत्तनाडूच्या हॉलमध्ये, जेवणाच्या पंगतीत.

“आहे,” मी म्हटलं. “एक कमी आहे.”

एकदम गलका झाला. कोणीतरी काउंटरवर हात आपटला. मी आवाज चढवला. “जिची आहे तिच्याच घरी गेली आहे. तिनं मागितली म्हणून गेली. दुपारी परत येईल.”

“कोणाची?”

“सांगणार नाही.”

“का नाही?”

“तुमची असती तर सांगितलेलं चाललं असतं का?”

“चुम्मा, उगाच बोलायचं म्हणून बोलू नका!” गणपतरावांनी ठेवीची पावती काढून काउंटरवर ठेवली. “मोडा ही. आत्ता.”

त्यांच्या मागे पावत्या वर यायला लागल्या. पाहता पाहता हातांचं रान. कॅशियरनं ड्रॉवर उघडला. किती वेळ पुरेल ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. सर अजून आले नव्हते.

त्या हातांच्या खालून एक काठी पुढे आली आणि काठीमागून तुळजाबाई. तुळजाबाईंची ओळख करून द्यायला हवी. निधीत त्यांच्याइतकं संशयी गिऱ्हाईक नाही. दर महिन्याला येतात, शंभर रुपये काढतात, नोट उजेडाला धरून बघतात, आणि त्याच खिडकीत त्याच नोटेनं पुन्हा भरतात. मी एकदा विचारलं, मावशी, हे कशाला? म्हणाल्या, “पैसे हायत का नाही ते बघते. तुझ्या तोंडावर विश्वास ठेवू का?”

“सरका,” त्या गणपतरावांना म्हणाल्या. “माझा दिवस हाय.”

“मावशी, इथं काय चाललंय...”

“मला ऐकू येतं. सरक म्हटलं ना?”

कॅशियरनं त्यांना शंभरची नोट दिली. तुळजाबाईंनी ती ट्यूबलाइटला धरली. उलटी केली. पुन्हा धरली. सगळी रांग त्यांच्या त्या बोटांकडे बघत होती. मग त्यांनी नोट परत आत सरकवली. “भर.”

आणि पावती होईपर्यंत काउंटरला टेकून, कोणाकडेही न बघता बोलल्या, “माझ्या सुशीलाच्या लग्नात वंकी अशीच गेली होती. दंडाची वंकी. इथं गहाण होती. एका दिवसासाठी दिली.”

“तुमची?” पंकजाबाई म्हणाल्या.

“तो आसारी पहिल्या पंगतीला बसून तीनदा पायसम मागत होता. तुमाला काय वाटलं, माझा मावसभाऊ हाय?”

एक-दोघी हसल्या. हसू पुरतं फुटलं नाही. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, “मावशी, तुमालाही? मला तर म्हणाले होते, फक्त तुमच्यासाठी.”

“मलाही तेच सांगितलं,” दुसरी म्हणाली. ती माझ्याकडे रागानं बघत होती, का लाजून, ते मला नीट कळलं नाही. “लेकीच्या बारशाला. बारसं म्हणजे लग्न नाही, तरी अक्कांनी दिली.”

“माझ्या बांगड्या.”

“माझी साखळी. सासूला कळू नये म्हणून.”

हे सगळं एका दमात झालं नाही. एकेकीनं बोलण्याआधी आजूबाजूला पाहिलं, कोणी नवरा ऐकत नाही ना ते पाहिलं, मग बोलली. पण बोलल्या. प्रत्येकीला वाटत होतं की सवलत तिला एकटीलाच मिळाली, आणि म्हणून फोटो पाहून तिलाही क्षणभर वाटलं असावं की दागिने भाड्यानं जातात. आमच्याच त्या वाक्यानं ही अफवा पोसली होती.

शेवटी बायकांच्या रांगेतून गणपतरावांच्या पत्नी पुढे आल्या. त्या हळू बोलतात. “आपल्या जानकीच्या लग्नात,” त्या म्हणाल्या, “दुकानाला नवीन मशीन घेतली होती ना, त्या वर्षी. बांगड्या इथंच गहाण होत्या.”

गणपतराव वळले. “त्या बांगड्या?”

“त्याच. लग्नाच्या दुपारीच परत आणून दिल्या.”

गणपतरावांनी काउंटरवरची पावती उचलली. बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं उठले आणि ठेव मोडलीच. मी सही केली. पैसे त्यांचे होते, मागण्याचा हक्क त्यांचा होता. काही महिन्यांनी ती रक्कम परत आमच्याकडे आली, पण ती भरायला त्यांच्या पत्नी आल्या होत्या.

एवढ्यात सर घामाघूम होऊन मागच्या दारानं आले, शाळेची जुनी पिशवी छातीशी धरून. रोकड आली. खिडकी चालू राहिली. ज्यांना हवं होतं त्यांना मिळालं. दुपार होईतो रांगेत पैसे काढणारे कमी आणि काय झालं ते ऐकायला थांबलेले जास्त होते. कोणी म्हणालं, त्या ब्युटीशियनला फोन करा, ती सांगेल नवरी कोण ते. पंकजाबाई म्हणाल्या, “कशाला?” आणि विषय तिथंच संपला. मी पाहिलं, त्यांनी फोन कमरेला खोचून टाकला होता.

ही पद्धत त्यानंतर चालू ठेवता येणार नव्हती. संचालकांच्या सभेत मीच ती बंद करायचा ठराव मांडला. जी गोष्ट उघड सांगता येत नाही ती बँकेनं करू नये, आणि ही उघड केली तर नियमात बसत नाही. सगळ्यांनी संमतीला हात वर केले. आता लग्न आलं की आम्ही बाईला थोड्या मुदतीचं छोटं कर्ज देतो, त्यातून ती दागिना रीतसर सोडवते आणि हवं तर पुन्हा ठेवते. कागद पुरे, व्याज लागतं. काम चोख आहे. परवा एक बाई म्हणाली, आधीसारखं काही होणार नाही का हो? मी म्हटलं नाही. ती गेली ती परत आली नाही, दागिना घेऊन ती कुठं गेली ते मला माहीत आहे. बाजारातल्या सावकाराकडे. रत्तिनमला लग्नांची आमंत्रणं येतात अजून, पण आता त्याला आहेर न्यावा लागतो.

त्या दुपारी मात्र हे काही ठरलं नव्हतं. रांग पातळ झाली होती, बाकावर तुळजाबाई, पंकजाबाई आणि सातआठ जणी बसून होत्या. बाहेर ऑटो थांबला. आधी रत्तिनम उतरला, वेष्टीवर सांबाराचा डाग. मागून सगुणाबाई. लग्नाचं पट्टू, रेशमी लुगडं, अंगावर, डोक्यात फुलं, दोन्ही हातांत तांबूलाच्या पिशव्या, नारळ-विडा घातलेल्या, आणि पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं.

आत येऊन त्या थबकल्या. “आज इतकी माणसं? पेन्शनचा दिवस का?”

बाकावरच्या जणी जरा सरकून बसल्या. मग गणपतराव, जे पैसे घेऊनही गेले नव्हते, काउंटरजवळून बाजूला झाले. “या, तुमी आधी या,” म्हणाले. “आमचं काही काम नाही.”

सगुणाबाई कडेच्या खिडकीशी आल्या. पदराखालची पिशवी जाळीखालून सरकवली, तांबूलाची एक पिशवी तिच्याबरोबर. अट्टिगैला अजून चंदनाचा ओला वास होता.

त्या जाळीजवळ वाकल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “अक्का, तुमी फक्त माझ्यासाठी केलंत. कोणाला कळलं नाही ना?”

त्यांच्या पाठीमागे तुळजाबाई पंख्याकडे बघत होत्या. पंकजाबाई हाताचं सुकलेलं पीठ खरवडत होत्या.

“नाही,” मी म्हटलं. “कोणाला नाही.”